दोन भट्ट्या, पाच भाऊ : स्टुडबेकर घराण्याच्या गाडीकारखान्याचा इतिहास

१६ फेब्रुवारी १८५२ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड या गावी, हेन्री आणि क्लेमंट या दोन सख्ख्या भावांनी लोहारशाळा उघडली. भांडवल ६८ डॉलर आणि दोन भट्ट्या. घोड्यांना नाल ठोकायचे, नांगराचे फाळ शेवटायचे, कोणाची मोडलेली गाडी नीट करून द्यायची, आणि कोणी सांगितलीच तर नवी बांधायची, एवढाच धंदा. पहिल्या वर्षात नव्या गाड्या बांधून झाल्या त्या दोन-तीनच. याच दुकानाचा पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या गाडीकारखान्यांत गणला जाणारा कारखाना झाला. त्याने सैन्याला रसदगाड्या पुरवल्या, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या दारात बग्ग्या उभ्या केल्या, आणि घोड्याचा जमाना संपल्यावर मोटारी बांधल्या. भट्टी पेटली तेव्हापासून शेवटची मोटार बाहेर पडली तोपर्यंत ११४ वर्षे गेली.

ट्रक आणि बसच्या बॉड्या बांधणाऱ्या मंडळींच्या या स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडच्या एका घराण्याचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. मला तो आपल्याच आळीतला वाटतो, म्हणून. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजा लोहार होता किंवा सुतार. त्याने बैलगाड्या बांधल्या, टांग्याचे आरे बसवले. मुलाने ट्रकचा लाकडी साटा बांधला, नातू पत्र्याची आणि चॅनेलची बॉडी बांधतो. स्टुडबेकर मंडळी याच वाटेने गेली. आपण जी वाट तीन पिढ्यांत चाललो ती त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर आणि फार आधी चालून दाखवली. कुठे ठेच लागते तेही त्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

घराणे मूळचे जर्मनीतल्या सोलिंगेनचे. तलवारी आणि सुऱ्यांच्या पात्यांसाठी हे गाव आजही ओळखले जाते, म्हणजे लोखंडाची ओळख रक्तातच म्हणायची. १७३६ साली या घराण्यातले पहिले कुटुंब जहाजाने फिलाडेल्फियाला उतरले. पुढच्या पिढ्या पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडच्या भागात गाड्या बांधू लागल्या. त्या मुलखात कोनेस्टोगा नावाची मोठी मालगाडी चाले. तिचा तळ होडीसारखा मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना चढता, वर कमानींवर ताणलेले पांढरे कापड, ओढायला चार-सहा घोडे. चढ-उतारावर माल घरंगळून एका टोकाला जाऊ नये म्हणून तळाला हा आकार. गाडी बांधणाऱ्याने रस्ता पाहून साटा ठरवायचा असतो. ही गोष्ट त्या कारागिरांना कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती.

भावांचे वडील जॉन स्टुडबेकर लोहार आणि गाडीकार. १८३० च्या दशकात ते बायकोमुलांसह ओहायोतल्या अ‍ॅशलंड गावी आले. हाताला गुण होता, पण गाठीला पैसा राहिला नाही. खाणारी तोंडे पुष्कळ आणि गिऱ्हाईक बहुतेक उधारीचे. कुटुंब डंकार्ड पंथाचे होते. साधे राहावे, शस्त्र हाती धरू नये अशी या पंथाची शिकवण. माणसाने प्रेमाखेरीज कोणाचे काही देणे ठेवू नये, या अर्थाचे बायबलातले वचन त्यांनी दुकानावर लावले होते. मुलांना वारसा म्हणून शेतवाडी मिळाली नाही. भात्याचा दोर आणि हे वचन एवढेच मिळाले.

मुलगे पाच. थोरला हेन्री, मग क्लेमंट, जॉन मोहलर, पीटर आणि सर्वांत धाकटा जेकब. क्लेमंट सर्वांच्या आधी, १८५० साली, साउथ बेंडला आला. काही दिवस त्याने शाळेत शिकवले, मळणीयंत्रांच्या कारखान्यात ५० सेंट रोजावर लोहारकाम केले, आणि हेन्री आल्यावर दोघांनी मिळून स्वतःचे दुकान टाकले. गाव नदीकाठचे, आजूबाजूला कठीण लाकडाची जंगले, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतकऱ्यांची वाट जवळ. गाडीकाराला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

इथे घटकाभर थांबून चाकाबद्दल बोलले पाहिजे, कारण गाडीकाराची पत चाकावर ठरते. मध्ये तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठ्यांचे तुकडे जोडून केलेला वेढा, आणि या सगळ्यावर लोखंडी धाव. ज्यांनी आपल्याकडे खेड्यात धाव चढवताना पाहिली आहे त्यांना साउथ बेंडच्या दुकानातले काम वेगळे सांगायला नको. धाव चाकाच्या घेरापेक्षा बेताने लहान ठेवायची. भोवती शेणी-लाकडांचा जाळ करून ती लालबुंद तापवायची. तापली की ती फुगते. मग दोघा-तिघांनी सांडशीने उचलून ती चाकावर टाकायची आणि घणाचे ठोके मारीत खाली बसवायची. लाकूड चरचरते, धूर निघतो. तेवढ्यात पाणी ओतायचे. लोखंड आक्रसते, आणि आवळताना प्रत्येक आरा तुंब्यात आणि प्रत्येक पुठ्ठा शेजारच्या पुठ्ठ्यात कट्ट आवाज करून बसतो. धाव किंचित मोठी राहिली तर दोन महिन्यांत चाक खिळखिळे होते, किंचित लहान झाली तर आरे वाकतात. हा ‘किंचित’ ज्याच्या डोळ्यात आहे तो खरा कारागीर.

त्यातही लाकूड वाळलेले नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. ओले लाकूड पुढे आकसते आणि धाव वाटेतच निखळून पडते. अमेरिकेच्या मैदानात, जवळच्या वस्तीपासून शंभर मैलांवर धाव निखळली तर त्या कुटुंबाने काय करायचे? म्हणून स्टुडबेकरांच्या अंगणात लाकडाच्या थप्प्या वर्षानुवर्षे उन्हा-वाऱ्यात पडून असत. आऱ्यांना हिकरी, इतर जागी ओक. पैसा गुंतवून ठेवायचा आणि लाकूड वाळायची वाट पाहायची, ही चैन छोट्या दुकानाला परवडत नाही. ती त्यांनी परवडवली आणि गाडीचे नाव झाले.

आता जॉन मोहलरची हकिकत. कारखान्याच्या इतिहासातला मला सर्वांत प्रिय भाग हाच. १८५३ साली हा एकोणीस वर्षांचा पोरगा कॅलिफोर्नियात सोने सापडते म्हणून निघाला. जवळ प्रवासाचे पैसे नव्हते, हातात कसब होते. त्याने एक गाडी बांधली, पश्चिमेकडे निघालेल्या तांड्याला ती देऊन टाकली आणि बदल्यात तांड्यात जागा मिळवली. पाच महिने प्रवास करून तो हँगटाऊन या खाणवस्तीत पोचला. (आज त्या गावाला प्लेसरव्हिल म्हणतात.) खिशात ५० सेंट उरले होते.

गावात पाय ठेवल्या ठेवल्या एका लोहाराने त्याला काम देऊ केले, ढकलगाड्या बांधायचे. खाणकामगारांना माती वाहायला एका चाकाच्या ढकलगाड्या हव्या असत आणि त्या मिळत नसत. जॉनचा जीव सोन्यात अडकला होता, पण शहाणपणाने त्याने काम पत्करले. त्याची पहिली ढकलगाडी ओबडधोबड झाली असे सांगतात. पुढच्या सुधारल्या. एकेक १० डॉलरला जाऊ लागली आणि गावाने त्याचे नाव ‘ढकलगाडीवाला जॉनी’ ठेवून टाकले. सोन्यामागे धावलेल्या हजारोंपैकी बहुतेक रिकाम्या हाताने परतले. हा १८५८ साली ८,००० डॉलर घेऊन घरी आला. एक एक ढकलगाडी बांधून जमवलेला पैसा होता तो.

आणि तो पैसा नेमक्या वेळी आला. आदल्या वर्षी, १८५७ साली, शेजारच्या मिशावाका गावच्या मिलबर्न या मोठ्या गाडीकाराकडून भावांना सैन्याच्या १०० गाड्यांचे काम मिळाले होते. दुकानाच्या ताकदीपलीकडचे काम, तरी त्यांनी ते पुरे केले आणि मोठ्या कामाची ओळख झाली. पण थोरल्या हेन्रीच्या मनाला ते लागले. पंथाची शिकवण युद्धाविरुद्ध, आणि आपण सैन्याला गाड्या पुरवायच्या? प्रकृतीही साथ देत नव्हती. जॉनने परत आल्यावर हेन्रीचा हिस्सा विकत घेतला आणि हेन्री शेतीकडे वळला. भाऊ वेगळे झाले, पण भांडून नव्हे. एकाला जे पटत नाही त्यातून त्याने बाजूला व्हावे, आणि बाकीच्यांनी त्याचा वाटा चोख मोजून द्यावा. आपल्याकडच्या किती भागीदाऱ्या याच जागी येऊन कोर्टात जातात हे आपण सगळे जाणतो. हेन्रीचा निर्णय आणि भावांची वागणूक, दोन्हींबद्दल मला आदर वाटतो.

यादवी युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या सैन्याला गाड्या लागल्या आणि कारखाना झपाट्याने वाढला. युद्धानंतर सैनिक घरी परतले ते स्टुडबेकर गाडीची ओळख घेऊनच. चिखलात कोणती गाडी टिकली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८६८ साली ‘स्टुडबेकर ब्रदर्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ रीतसर स्थापन झाली. क्लेमंट अध्यक्ष झाले.

भावांनी कामे वाटून घेतली ती स्वभाव पाहून. क्लेमंट कारभार आणि बाहेरचा मान सांभाळीत. जॉन कारखान्यात, कारागिरांमध्ये. पीटर जन्मजात विक्रेता. आधी त्याचे इंडियानातच दुकान होते. पुढे पश्चिमेच्या तोंडाशी, मिसुरीतल्या सेंट जोसेफला, कंपनीची शाखा निघाली आणि गाडी घ्यायला गिऱ्हाइकाने साउथ बेंडला यायची गरज उरली नाही. धाकटा जेकब बग्ग्यांच्या, म्हणजे माणसे नेणाऱ्या नाजूक गाड्यांच्या विभागात. मालगाडी बांधणारा हात आणि बग्गी बांधणारा हात वेगळा, हे आपल्यालाही ठाऊक आहे. मालगाडीत दणकटपणा बघतात, बग्गीत स्प्रिंग, गादी, रंग आणि रंगावर ओढलेली रेघ बघतात. भावांना हा फरक कळला होता.

मग आगी लागल्या. १८७२ मध्ये एक, आणि १८७४ मध्ये दुसरी, पहिलीहून भयंकर. कारखान्याचा फार मोठा भाग जळाला. वाळवून ठेवलेले लाकूड, रंग, तेल, भुसा अशा जागी आग लागली की थांबवणे कठीणच. भावांनी पुन्हा बांधकाम काढले आणि या वेळी कारखाना आधीपेक्षा मोठा आणि विटांचा उभा राहिला.

शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत त्यांच्या कारखान्यातून काय बाहेर पडत नव्हते? शेतगाड्या, बग्ग्या, फीटन, लँडो, रस्त्यावर पाणी शिंपडणाऱ्या टाकीच्या गाड्या, रुग्णवाहिका, दारूभट्ट्यांच्या पिंपगाड्या. बडवायझर बिअर कंपनी आजही आपले उंचापुरे क्लाइड्सडेल घोडे मिरवणुकीत ज्या लाल गाड्यांना जुंपते, त्या १९०० सालच्या आसपासच्या स्टुडबेकर बांधणीच्या आहेत. शंभराहून अधिक वर्षांनी तीच गाडी रस्त्यावर चालते यापरते कारागिराला प्रशस्तिपत्र नाही. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी व्हाइट हाउससाठी बग्ग्या आणि घोड्यांचे साज स्टुडबेकरांकडून घेतले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या गाडीला रोजवूड वापरून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे काम केले होते. त्या काळी अ‍ॅल्युमिनियम हा अपूर्वाईचा धातू होता. (याच प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले.)

वैभव आले तशा त्याच्या वास्तूही दिसू लागल्या. शिकागोच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर सोलन बीमन या वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी बग्ग्यांचे दालन आणि कारखाना असलेली मोठी इमारत बांधली. ती आज ‘फाइन आर्ट्‌स बिल्डिंग’ म्हणून उभी आहे आणि तिच्यातल्या नाट्यगृहाला अजून स्टुडबेकरांचे नाव आहे. साउथ बेंडमध्ये क्लेमंट यांनी दगडी वाडा बांधला, १८८९ मध्ये पुरा झालेला, ‘टिपेकॅनू प्लेस’ नावाचा, चाळीस खोल्यांचा. ५० सेंट रोजावर काम केलेल्या लोहाराचा वाडा.

पण त्यांच्या हातून झालेल्या सगळ्या खर्चांत मला मोलाचा वाटतो तो वेगळाच. भावांनी जुन्या गाड्या जमवायला सुरुवात केली. स्वतःच्या कारखान्याच्याच असा हट्ट धरला नाही. अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून आपल्या आयुष्यातल्या शेवटच्या संध्याकाळी फोर्ड नाट्यगृहाला गेले, ती बग्गी न्यूयॉर्कच्या वुड ब्रदर्सने बांधलेली. म्हणजे दुसऱ्या कारखान्याचे काम. स्टुडबेकरांनी ती मिळवली आणि जपली. लफायेत या फ्रेंच सेनानीने १८२४ च्या अमेरिका दौऱ्यात वापरलेली बग्गीही जपली. दुसऱ्या कारागिराच्या कामाला इतका मान देणारे कारखानदार किती असतात?

१८८७ मध्ये जेकब गेले, १८९५ मध्ये हेन्री, १८९७ मध्ये पीटर, १९०१ मध्ये क्लेमंट. मागे राहिले एकटे जॉन मोहलर, ढकलगाडीवाले. आणि नेमक्या याच काळात दारात मोटार येऊन उभी राहिली.

जॉन यांचे जावई फ्रेडरिक फिश हे वकील. १८९१ साली ते लग्नाने घराण्यात आणि त्याचबरोबर कंपनीत आले. गाडीचा धंदा आता घोड्याविना चालणार हे त्यांनी ओळखले आणि १८९७ च्या सुमारास तसा आग्रह धरला. सासऱ्यांना पेट्रोलची मोटार आवडत नसे. आवाज, वास, धोका. जन्मभर घोड्याच्या चालीवर गाडी बेतणाऱ्या माणसाला ती आवडावी तरी कशी? पण त्यांनी जावयाला आडकाठी केली नाही. माझ्या मते या घराण्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच. त्या काळी अमेरिकेत बग्ग्या आणि मालगाड्या बांधणारी हजारो दुकाने होती. मोठमोठी नावे होती. मोटारीला हसत हसत ती बुडाली. मालगाड्यांच्या बड्या कारखानदारांपैकी पूर्ण मोटारीच बांधू लागलेले आणि त्या बाजारात नाव टिकवलेले घराणे म्हणून स्टुडबेकरांकडेच बोट दाखवतात.

पहिले पाऊल सावध पडले. १९०२ मध्ये त्यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारी काढल्या, त्या वर्षी २० विकल्या, आणि त्यांतली एक थॉमस एडिसन यांनी घेतली. १९०४ पासून ओहायोच्या गारफर्ड कंपनीच्या सांगाड्यावर स्टुडबेकरांची बॉडी चढवून पेट्रोलच्या मोटारी निघाल्या. इंजिन आणि सांगाडा दुसऱ्याचा, बॉडी आपली. आपल्या धंद्यातल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगायला नको. मग डेट्रॉइटच्या ईएमएफ कंपनीच्या मोटारी आपल्या विक्रेत्यांमार्फत विकायचा करार झाला. गावोगावचे जे दुकानदार कालपर्यंत शेतगाडी विकत होते तेच आता मोटार विकू लागले. पन्नास वर्षांत उभे केलेले हे जाळे हीच घराण्याची खरी पुंजी ठरली.

त्या ईएमएफ मोटारींत दोष फार निघाले. गिऱ्हाइके चिडली. तेव्हा स्टुडबेकरांनी काय केले, तर पदरचे मेकॅनिक गिऱ्हाइकांच्या घरी पाठवले आणि खराब भाग बदलून दिले. या कामाला सुमारे १० लाख डॉलर खर्च आला असे सांगतात. वचनापेक्षा चार आणे जास्तच द्यावे, ही भावांची धंद्याची रीत होती. मोटार स्वतः बांधलेली नसतानाही ती त्यांनी पाळली. दुकानावर वचन लावणे सोपे असते, असा खर्च करणे सोपे नसते.

१९११ मध्ये ईएमएफ पूर्णपणे ताब्यात घेऊन ‘स्टुडबेकर कॉर्पोरेशन’ ही नवी कंपनी झाली. शेअर बाजारात आली, न्यूयॉर्कच्या सावकारांचा पैसा आला. घराण्याचे नाव राहिले, मालकी विखुरली. इंग्रजांना बोअर युद्धात गाड्या पुरवलेल्या होत्याच, पहिल्या महायुद्धात पुन्हा युरोपातून गाड्या, खोगिरे आणि साज यांच्या प्रचंड मागण्या आल्या. जॉन मोहलर यांनी म्हातारपणी प्लेसरव्हिलला जाऊन जुन्या सोबत्यांची भेट घेतली. १९१७ मध्ये, ८३ व्या वर्षी, ते वारले. तीन वर्षांनी, १९२० मध्ये, कंपनीने घोड्याच्या गाड्या बांधणे बंद केले आणि तो धंदा केंटकीतल्या एका गाडी कंपनीला विकला.

पुढचा इतिहास मोटारींच्या पुस्तकांत सविस्तर आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. महामंदीच्या काळात तेव्हाचे अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन यांनी बाजारात नाव राहावे म्हणून नफ्याच्या कितीतरी पट लाभांश वाटला. म्हणजे मूळ भांडवलच वाटून टाकले. १९३३ च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळ्यात गेली आणि जुलैमध्ये अर्स्किन यांनी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स यांनी ती पुन्हा उभी केली. १९३९ ची हलकी, कमी पेट्रोल खाणारी ‘चँपियन’ चालली. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा यूएस६ ट्रक जवळजवळ दोन लाखांच्या संख्येने बाहेर पडला. बहुतेक रशियाला गेले, आणि कात्युशा अग्निबाण त्यांच्यावर चढवले गेले. १९५० च्या दशकात रचनाकार रेमंड लोवी यांच्या कार्यालयातून आलेली आखणी आजही मोटारींच्या चाहत्यांना भुरळ घालते. भारतात, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये, अँबेसिडरच्या आधीच्या काळात स्टुडबेकर गाड्यांची जुळणी होत असे. आपल्याकडच्या काही जुन्या मेकॅनिकांच्या हातून त्या गेलेल्या आहेत.

पण डेट्रॉइटच्या तीन बड्या मोटार कंपन्यांपुढे एकट्या कंपनीचा निभाव लागेना. १९५४ मध्ये पॅकार्ड या मोटार कंपनीशी जोडणी झाली, तीही फळली नाही. ९ डिसेंबर १९६३ रोजी साउथ बेंडचा कारखाना बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि नाताळच्या तोंडावर हजारो माणसे घरी बसली. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या कारखान्यातून शेवटची स्टुडबेकर मोटार मार्च १९६६ मध्ये बाहेर पडली.

या बंद पडण्यातली एक गोष्ट थोडक्यात उरकता येत नाही. कंपनी आपल्या जाहिरातींतून अभिमानाने दाखवायची की इथे बाप आणि मुलगा एकाच कारखान्यात काम करतात, काही घरांत आजासुद्धा. ते खरेही होते. कारखाना बंद झाला तेव्हा निवृत्तिवेतनाच्या निधीत पुरेसा पैसा नव्हता. जे आधीच निवृत्त झाले होते वा साठी गाठलेले होते, त्यांना पूर्ण रक्कम मिळाली. चाळीस ते साठ या वयाच्या सुमारे ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या १५ टक्क्यांच्या आसपासच मिळाले. बाकीच्यांना काहीच मिळाले नाही. कोणाचे देणे ठेवू नये हे वचन ज्या घराच्या दुकानावर होते, त्याच नावाच्या कारखान्यात हे घडले. तेव्हा भावांपैकी कोणी हयात नव्हते, घराण्याची मालकीही उरली नव्हती, तरी वाचताना काळजाला लागते. या प्रकरणाने अमेरिकेत मोठी चर्चा झाली आणि १९७४ मध्ये खासगी निवृत्तिवेतनांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच्यामागच्या कारणांत साउथ बेंडचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. ज्यांचे बुडाले त्यांना त्याचा उपयोग झाला नाही, पुढच्यांना झाला.

आज साउथ बेंडमध्ये स्टुडबेकर नॅशनल म्युझियम आहे. लिंकनची बग्गी तिथे आहे, कारखान्याच्या जुन्या गाड्या आणि मोटारी तिथे आहेत. प्लेसरव्हिलच्या जत्रेत जॉन मोहलर यांच्या नावाने ढकलगाड्यांच्या शर्यती होतात. कारखाना गेला, पण कोणी काय बांधले हे पाहायला मिळते, ते भावांनी वेळीच जुन्या वस्तू राखायला सुरुवात केली म्हणून.

आपल्याकडे हे झालेले नाही. तुमच्या घरी माळ्यावर आजोबांचा भाता पडला असेल, तुंबा कोरायच्या गिरमिटी असतील, टांग्याचे दिवे, ट्रकच्या पहिल्या लाकडी बॉडीची मापे लिहिलेली वही, गिऱ्हाइकांच्या उधारीची जमाखर्चाची पाने असतील. कृपा करून ती भंगारात घालू नका. मंडळाच्या कार्यालयात आणून द्या, सोबत कोणी बांधले, कोणत्या साली, कोणासाठी, एवढे एका चिठ्ठीवर लिहून द्या. ठेवायची जागा मंडळ काढील.